सहा कप आणि एक पाहुणा

आत्यानं उभ्या आयुष्यात व्हिस्कीचा थेंबही जिभेला लावला नव्हता, आणि दादाच्या कोठारातली एकही व्हिस्की आत्याच्या नाकाखालून गेल्याशिवाय बाटलीत उतरली नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या कशा, असा प्रश्न नव्या माणसाला हमखास पडे. आत्याला कधी पडला नाही. देवाला दिलेला शब्द जिभेपुरता आहे, नाकाचं त्यात काही ठरलेलं नाही, असं ती हसत सांगे. शेजाऱ्याच्या घरात पाऊल न टाकताही आत काय शिजतंय ते आपल्याला कळतंच, मग पिंपात काय चाललंय ते का कळू नये?

धंदा तिच्या थोरल्या भावाचा. तिच्या भाच्यानं बोलायला लागल्यापासून आत्या आत्या करून घर डोक्यावर घेतलं, आणि बघता बघता अख्खं कोठार तिला आत्या म्हणू लागलं. दादा तिचा सख्खा भाऊ, पण तोही आत्याच म्हणे. भाच्याला सगळे खिळ्या म्हणत, कारण लहानपणापासून त्याच्या ओठांत दोन-चार खिळे धरलेले असायचेच. पिंपं दुरुस्त करणं, फुटलेली फळी बदलणं, कडं ठोकून बसवणं हे त्याचं काम, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नाकाच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद होता. बापाची इच्छा होती की आत्यानंतर तिची खुर्ची त्यानं सांभाळावी. खिळ्याचीही होती. नाकानं अजून होकार दिलेला नव्हता इतकंच.

दादा कोरी व्हिस्की विकत आणी, म्हणजे गाळून नुकतीच बाहेर पडलेली, पाण्यासारखी बिनरंगाची, आणि ती पिंपांत भरून वर्षानुवर्षं मुरत ठेवी. पिंपं यायची ती बर्बनची. बर्बन ही मक्याची अमेरिकन दारू. ती ओकच्या लाकडाच्या नव्याकोऱ्या पिंपात भरतात, आणि भरण्याआधी पिंप आतून चांगलं जाळून काळं करतात. एकदा बर्बन काढली की बर्बनवाल्यांना ते पिंप पुन्हा चालत नाही, मग ते दादासारख्यांकडे येतं. त्या जळक्या लाकडात काय काय दडलेलं असतं! व्हॅनिला, सुकं खोबरं, मध, किंचित करपलेली साखर. व्हिस्की त्यात मुरली की हळूहळू हे सगळं अंगावर घेते. पहिल्या भरणीला पिंप हात सैल सोडून देतं, दुसऱ्या भरणीला बेतानं देतं, आणि चार-पाच भरण्या झाल्या की ते थकतं. थकलेल्या पिंपातली व्हिस्की वाईट नसते, पण तिला फक्त धान्याचा वास येतो. बर्बनची ओळख तिच्यात उरलेली नसते.

निवड करण्याची त्यांच्याकडे एक जुनी रीत होती. सकाळी, काही खाण्याआधी, लांब टेबलावर सहा ग्लास मांडायचे. ग्लास निळ्या काचेचे, म्हणजे रंगावरून कुणी अंदाज बांधायला नको. आत्यानं एकेक हुंगायचा आणि नापसंत ग्लासावर काचेचं झाकण ठेवायचं. शेवटी जो उघडा राहील तो निवडला. तोवर कुणी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. शिवाय त्या सहांत दादा एक पाहुणा बसवी. पाहुणा म्हणजे थकलेल्या पिंपातला नमुना, मुद्दाम मिसळलेला, नाक जागं आहे की नाही ते बघायला. आत्या सगळ्यांत आधी पाहुण्याला गाठायची, बारीकसं फुत्कारायची आणि टक्कन झाकण ठेवायची. दादाचा जीव भांड्यात पडायचा आणि मग खरी निवड सुरू व्हायची.

त्या सकाळी आत्यानं सहाही ग्लास हुंगले आणि एकावरही झाकण ठेवलं नाही.

पुन्हा पहिल्यापासून हुंगले. खिडकीशी जाऊन उभी राहिली, आपल्याच बाहीचा वास घेतला, परत आली. पहिला ग्लास, व्हॅनिला. दुसरा, व्हॅनिला. तिसरा तसाच, सहावाही तसाच. सहाच्या सहा बर्बनच्या पिंपातून नुकतेच न्हाऊन निघाल्यासारखे. दादा खाकरला. त्या खोलीत निवडीच्या वेळी तो आजवर कधी खाकरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्या बाई यायच्या होत्या. त्यांना आपल्या हॉटेलसाठी एक अख्खं पिंप हवं होतं, आणि त्यांची मागणी सरळ होती. व्हिस्कीतलं ज्यांना ओ की ठो कळत नाही, अशा गिऱ्हाइकांनाही पहिल्याच वासात बर्बनचं पिंप ओळखू आलं पाहिजे, पण व्हिस्कीचं सरबत झालेलं नको. दोन ठिकाणांहून त्या नाक मुरडून परतल्या होत्या. आणि पाहुणा सहांत आहे हे माहीत असून आत्याला तो सापडत नव्हता.

आत्यानं त्या दिवसापुरती निवड थांबवली, तेव्हा खिळ्यानंही पाळीपाळीनं सगळे ग्लास हुंगले. त्याचा चेहरा खुलला. सहाही नमुने एकदम बर्बन आहेत, अगदी स्पष्ट, असं तो म्हणाला. गेले काही दिवस या ग्लासांत सराव करताना त्याला सगळ्यातच व्हॅनिला येत होता आणि आपलं नाक एकदाचं उघडलं या आनंदात त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. दादानं त्याच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. एकाला पाहुणा कधीच सापडला नव्हता. दुसरीलाही आज सापडला नाही.

दादा बहिणीला बाहेर घेऊन गेला आणि जपून जपून बोलला. सर्दी झालीय का, झोप नीट लागते का, असं आडून आडून विचारलं. वय सगळ्यांचंच होतं, त्यात कमीपणा नाही, असंही सांगून झालं. मग मुद्द्यावर आला. उद्या नमुने नव्यानं काढीन, क्रम नवा, पाहुणाही नवा. बाईंसमोर पुन्हा असंच झालं तर खुर्ची खिळ्याकडे जाईल. त्याला जमत नसेल तर शिकेल, पण कुणीतरी बसायला हवं.

"माझं नाक जागेवर आहे, दादा," आत्या म्हणाली. "गडबड दुसरीकडे आहे. आजच्या नमुन्यांतलं उरलेलं मला दे, आणि एक ग्लास दे."

तिच्या आवाजात ना राग होता, ना रडू. उद्या येताना भाजी आणते म्हणावं, तसं ती हे म्हणाली. दादानं मुकाट्यानं छोट्या बाटल्या आणि एक ग्लास तिच्या पिशवीत घातला.

घरी जाताना आत्यानं नाकाची परीक्षाच घेतली. कोपऱ्यावरच्या धोब्याकडे आज नवा साबण आहे, हे तिला दुकान दिसायच्या आधी कळलं. त्याच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी दूध उतू घालवलं होतं. पुढच्या गल्लीत दाराला तेलरंग दिला होता, तोही पहिला हात. हे सगळं येतंय, मग पाहुणा का येत नाही? दुसरी कुणी असती तर वाटेतच हातपाय गाळून बसली असती. पण आत्याला मागच्या वर्षीचं एक प्रवचन आठवत होतं. दर आठवड्याला ती गाऊन प्रवचन करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना ऐकायला जायची, पहिल्या रांगेत बसायची आणि धृपदाला आपला आवाज मनसोक्त मिसळायची. एका संध्याकाळी त्यांचा सूर लागेना. लोक हळहळले, आता वय झालं म्हणाले. म्हातारबुवा मात्र शांतपणे थांबले, पेटीवाल्याला म्हणाले की तुझी एक पट्टी उतरलीय, ती सोडून वाजव. आणि मग असे गायले की दाराशी उभी असलेली माणसं आत येऊन बसली. आपला गळा त्यांना माहीत होता. आत्यालाही आपलं नाक माहीत होतं.

आत्याच्या घरात दारूचा ग्लास नसायचा, तो तिचा नियम. म्हणूनच तिनं तो बरोबर आणला होता. स्वयंपाकघराची खिडकी उघडून, हात धुऊन ती बसली आणि बाटली उघडण्याआधी सवयीनं रिकामा ग्लास नाकाशी नेला. ही सवय तिनंच सगळ्यांना लावलेली. काही ओतण्याआधी ग्लास हुंगायचा. सकाळीही हुंगला होता आणि सकाळी त्याला कशाचाच वास नव्हता.

आता होता. व्हॅनिला, सुकं खोबरं, करपलेली साखर. आत टिपूसही नाही आणि ग्लास बर्बनच्या पिंपासारखा घमघमतोय!

आत्या स्वतःशीच हसली आणि उठून चहाचे कप काढले. एकाला दुसऱ्याचा जोड नाही असे सहा कप, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. प्रत्येकात एकेक नमुना ओतला आणि हुंगायला लागली. तिसऱ्याच कपात सापडला पाहुणा, मुकाट बसलेला, अंगाला नुसता धान्याचा वास. आत्यानं फुत्कार सोडून त्याच्यावर बशी ठेवली, आणि मग सकाळपासून डोक्यात फिरणारी गोष्ट आपोआप जागेवर येऊन बसली.

खिळ्यानं तिच्यासाठी कपाट केलं होतं. निवडीच्या खोलीत तिचे ग्लास ठेवायला, तिच्या इतक्या वर्षांच्या कामाचा मान म्हणून. त्यासाठी त्यानं कोठारातलं सगळ्यांत देखणं लाकूड निवडलं होतं, बर्बनच्या पिंपाच्या फळ्या. बाहेरून घासून, मेण लावून आरशासारख्या चकचकीत केल्या आणि पिंपाची ओळख राहावी म्हणून आतली काळी बाजू तशीच ठेवली. धूळ जाऊ नये म्हणून ग्लास आत पालथे मांडले जात, त्या काळ्या फळीवरच. प्रत्येक ग्लास रात्रंदिवस तिचा वास पोटात धरून बसलेला. कपाट आल्यानंतरची ही पहिलीच निवड होती. दुसऱ्या कुठल्या घरात हे कपाट आलं असतं तर पहिल्याच दिवशी पोराटोरांनी विचारलं असतं की कसला गं वास येतोय. पण कोठारात तो वास म्हणजे हवाच. मासोळीला पाणी ओलं लागत नाही, तशी या माणसांची गत. खिळ्याचा, दादाचा, तिचा स्वतःचा, सगळ्यांचा श्वासच त्यानं भरलेला. रिकाम्या ग्लासात तो कुणाला कळणार? व्हिस्की ओतली की मात्र तीच तो उचलून वर आणी.

आत्यानं ग्लास एका स्वच्छ बरणीत घालून वर घट्ट झाकण लावलं. खुर्चीची चिंता मिटली होती. आता चिंता होती ती खिळ्याची. कपाट आणलं तेव्हा त्यानं ते अंगणातून खोलीपर्यंत एकट्यानं उचललं होतं, कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि गेले काही दिवस तो ज्या नाकावर खूश होता ते नाक नव्हतंच, कपाट होतं.

सकाळी ती धोब्याच्या दुकानापाशी त्याची वाट बघत उभी राहिली. कोठारात शिरण्याआधीच त्याला गाठायला हवं होतं, एकदा आत गेला की त्याचं नाक पुन्हा वासात बुडणार. तो आला तेव्हा तिनं बरणी उघडली आणि ग्लास त्याच्या नाकाशी धरला.

"छान," तो म्हणाला. "पहिल्या भरणीचं पिंप. काय होतं यात?"

"काही नव्हतं. तुझ्या कपाटात होता."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा चेहरा असा उतरला की आत्याला वाटलं, आपण हे दुपारी सांगायला हवं होतं. त्यानं ग्लास पुन्हा एकदा हुंगला. मग म्हणाला, "म्हणजे मला जो वास येत होता..."

"तो खरा होता रे. बर्बनच्या लाकडाचा वास तुला अचूक आला. फक्त तो कुठून येतोय तेवढं चुकलं, आणि ते माझंही चुकलं." तिनं त्याच्या हातात पिशवी दिली. आत कापडात गुंडाळलेले सहा कप आणि बशा होत्या. तिनं बजावून सांगितलं की बाईंसमोर कपाटाचं नावही काढायचं नाही. म्हातारीला लहर आली, आज तिला कपच हवेत, असं समजू देत सगळ्यांना. तिला त्याचं काही वाटणार नव्हतं.

हॉटेलवाल्या बाई वेळेवर आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, बूट पुसून आत येणाऱ्या. खिळ्यानं टेबलावर कप मांडायला घेतले तसा दादा कासावीस झाला. इतक्या वर्षांची पेढी, निळ्या काचेचे खास ग्लास, आणि गिऱ्हाइकासमोर कान तुटलेला कप! त्यानं बहिणीला डोळ्यांनी खुणावलं, भुवया वर केल्या, शेवटी कानाशी येऊन कुजबुजला की आज तरी शोभा करू नकोस. आत्यानं शांतपणे सांगितलं की ओत. त्यानं बाटल्या आणल्या, सगळ्यांकडे पाठ करून क्रम लावला आणि ओतलं.

कप पांढरे, म्हणजे रंग दिसणार. आत्यानं डोळे मिटले. ती चाचपत एकेक कप उचलू लागली. पहिला कप नाकाशी नेला, ठेवला. दुसरा नेला, ठेवला. चौथा कप जेमतेम हनुवटीपर्यंत आला आणि आत्यानं फुत्कार सोडला. टक्कन बशी बसली.

दादानं तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघू लागला. बहिणीसमोर असं खजील होऊन उभं राहायची वेळ त्याच्यावर क्वचितच आली होती.

पुढचं काम निवांत झालं. एक नमुना ओल्या पुठ्ठ्यासारखा, त्यावर बशी. एकात लाकूड कडू झालेलं, बशी. एक बरा होता पण घाईत काढलेला, अजून दोन हिवाळे हवे होते, त्यावरही बशी. शेवटी दोन उरले, पहिला आणि सहावा. पहिल्याचा व्हॅनिला टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंपर्यंत पोचला असावा, कारण त्या पहिल्यांदाच पुढे सरकल्या. कपात मिठाई उघडून ठेवल्यासारखा तो दरवळत होता. कुणीही तोच घेतला असता. आत्या सहाव्यापाशी थांबली. तिथे आधी धान्य आलं, भाजल्यासारखं, ऊबदार. त्याच्या मागोमाग व्हॅनिला आला, मग मध, आणि अगदी शेवटी, कप खाली ठेवता ठेवता, सुकं खोबरं. एकानं दुसऱ्याला वाट करून द्यावी तसं.

तिनं पहिल्यावर बशी ठेवली आणि डोळे उघडले.

बाईंनी दोन्ही कप मागून घेतले. बराच वेळ हुंगत राहिल्या. पहिल्या कपातला वास जास्त ठळक आहे, मग हा का नाही, असं त्यांनी विचारलं. बशी ठेवल्यावर आता बोलायला हरकत नव्हती.

"गाणाऱ्याच्या मागे पेटी असते ना," आत्या म्हणाली, "ती ऐकू आली पाहिजे. ती नसेल तर गाणं उघडं पडतं. पण पेटीच गायला लागली तर लोकांनी बसायचं कशाला? पहिल्या कपात पिंपच गातंय. सहाव्यात व्हिस्की गातेय आणि पिंप साथ करतंय. तुमच्या गिऱ्हाइकांना दोघंही ओळखू येतील, आणि दुसऱ्यांदा मागतील ते सहाव्यालाच."

बाईंनी सहाव्या कपातला एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. मग कप आपल्यासमोर ओढून घेतला, परत दिला नाही. पिंपावर आपलं नाव कधी लिहिणार, एवढंच त्यांनी दादाला विचारलं. मग कपांकडे बघून त्या म्हणाल्या की ही पद्धत मी कुठे पाहिली नव्हती.

दादा काहीतरी जुळवून सांगायला लागला, पण त्याच्या आधी खिळ्या बोलला.

"पद्धत नाही, माझी चूक," तो म्हणाला. कान लालबुंद झाले होते, पण आवाज धड होता. "ते कपाट मी बर्बनच्या फळ्यांचं केलं. ग्लासांना त्याचा वास लागला. आम्हा कुणालाच कळलं नाही, आत्याला कळलं. ती मला गप्प बस म्हणाली होती."

मग बाई उठल्या, कपाटाचं दार उघडून आत डोकावल्या, त्या काळ्या फळीवरून बोट फिरवलं आणि बोट हुंगलं. आणि हसल्या, अगदी मोकळं. चूक इतक्या सुंदर कपाटात बसलेली मी पहिल्यांदाच बघतेय, म्हणाल्या. खिळ्यालाही हसू आलं. दादाला मात्र आधी एक ग्लास अंगणात, थेट फाटकाबाहेर नेऊन हुंगून बघावा लागला. परत आला तो बहिणीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि खुर्चीची पाठ उगाचच हातानं पुसू लागला.

"काल मी जरा जास्तच बोललो, आत्या."

"बोललास. आता त्या पोराला रोज सकाळी माझ्याकडे पाठव, कोठारात यायच्या आधी. माझ्या स्वयंपाकघरात शिकेल. पाहुणा मी बसवीन."

आणि कपाट? ते मोडून टाकायला खिळ्या तयार होता. आत्या अजिबात ऐकेना. ते तिच्या नावानं केलेलं होतं, तिच्याच घरी आलं पाहिजे. दोघा बापलेकांनी ते उचलून तिच्या खोलीत आणून ठेवलं. ग्लास कोठारात काचेच्या कपाटात गेले आणि या कपाटात आत्यानं आपल्या शाली ठेवल्या.

त्या आठवड्यात ती प्रवचनाला गेली, नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, अंगावर त्या कपाटातली शाल. शेजारच्या बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग मागच्या रांगेतून कुणीतरी वाकून बघितलं. पुढे म्हातारबुवांनीही धृपदाच्या आधी क्षणभर थांबून हवेत नाक वर केलं. आत्यानं शाल नीट सावरून घेतली, मान ताठ केली आणि धृपद आलं तेव्हा सगळ्यांच्या वरच्या पट्टीत सूर लावला.